टाचणीच्या नऊ फेऱ्या

टाचणीला टाचणी म्हणायची दोन कारणं होती. एक तर ती होतीच तशी: बारीक, सरळ आणि कुणी उगाच हात लावायला गेलं की टोचणारी. दुसरं, दिवसातले आठ तास तिच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असत. त्या तशाच ठेवून ती गिऱ्हाइकांशी बोले, भावाशी भांडे, फोनवर हसे, आणि वीस वर्षांत तिनं एकही गिळली नव्हती. हा विक्रम कुठं नोंदवायचा हे ठाऊक नसल्यामुळं तो तसाच राहून गेला.

जिन्याखालच्या खोलीत तिचं दुकान होतं. एक शिलाई मशीन, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकाला उभं करायला गुडघ्याएवढा एक लाकडी ठोकळा. नवे कपडे ती शिवत नसे. आखूड करणं, सैल करणं, उसवलेलं सांधणं, चेन बदलणं, एवढंच. "नवं काय, कुणीही शिवेल," ती म्हणे, "दुसऱ्यानं बिघडवलेलं नीट करायला डोकं लागतं." गिऱ्हाईक ठोकळ्यावर चढलं की टाचणी खाली बसायची, डोळे बरोबर त्याच्या घोट्यांच्या उंचीला आणायची आणि पँटच्या दोन्ही पायांची वेगवेगळी मापं घ्यायची. घाईतली माणसं वैतागायची. एकदा एक वकील म्हणाले, "अहो, एकच माप घ्या की. दुसरा पाय काय वेगळा असणार आहे?"

"वेगळाच आहे," टाचणी म्हणाली. "डावा दोन सूत कमी आहे तुमचा. पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नाही वाटतं?"

वकील तावातावानं घरी गेले, भिंतीला टेकून बायकोकडून पाय मोजून घेतले, आणि त्या दिवसापासून टाचणीचे कायमचे गिऱ्हाईक झाले. तिचा अनुभव असा होता, की दोन सारखे पाय घेऊन आलेला माणूस तिच्या ठोकळ्यावर अजून चढायचाच होता.

तिचा स्वतःचा उजवा पाय सव्वा इंच आखूड होता.

लहानपणी आलेल्या एका तापानंतर तो वाढीत मागं पडला तो पडलाच. पोटरीही डावीपेक्षा बारीक राहिली. चौकातल्या बूट शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं तिच्या उजव्या बुटात आतून बुचाचा थर बसवून दिला होता. बाहेरून बघावं तर दोन्ही बूट जुळे भाऊ. ते पायात असले की ती नाकासमोर चाले आणि कुणाच्या बापाला पत्ता लागत नसे. शिवाय सलवारीची उजवी मोरी ती आतून एक घडी जास्त मुडपून घेई, म्हणजे घरात अनवाणी फिरताना ती जमिनीला घासत नसे. ही घडी मशीनवर नाही मारायची, हातानं आडवे टाके घालून बसवायची. मग कड जड होत नाही आणि वरून काही दिसत नाही. ही युक्ती तिनं स्वतः शोधली होती, आणि जगात ती दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही असा तिचा पक्का समज होता.

सात वर्षांपूर्वी एक स्थळ आलं होतं. त्यांना पायाचं आधीच सांगितलं. ते "कळवतो" म्हणाले आणि अजून कळवतायत. त्यानंतर वहिनीनं कानाला खडा लावला. वहिनी म्हणजे टाचणीच्या भावाची बायको. तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्याहून मऊ. ती म्हणाली, "आता पुढच्या वेळी आधी माणूस कळू दे, मग पाय कळू दे. चार वेळा भेटल्यावर सांगू. तोवर अळीमिळी गुपचिळी."

पुढची वेळ यायला सात वर्षं लागली, पण आली. मुलगा म्हणावा तर बेचाळीस वर्षांचा होता. वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणा दुकानातला असो, सोनाराचा असो की गोदामातला ट्रक तोलणारा असो, काटा बिघडला की लोक त्याला बोलवायचे, आणि सगळे त्याला काटेवालेच म्हणायचे. पहिली भेट घरीच झाली. वहिनीनं सगळं चोख बसवलं होतं: टाचणी आधीपासून खुर्चीत बसलेली आणि पाहुणे गेल्यावरच उठलेली. मधेच काटेवाल्यांनी चहाचा कप टीपॉयवर ठेवला तर टीपॉय डुगडुगला. घरातली माणसं दहा वर्षं त्या डुगडुगण्याबरोबर सुखानं नांदत होती. काटेवाल्यांनी बोलता बोलता खिशातून बसचं तिकीट काढलं, त्याच्या तीन घड्या केल्या, वाकून एका पायाखाली सरकवल्या आणि वाक्य न तोडता पुढं बोलत राहिले. टीपॉय ठाम उभा राहिला.

टाचणीला तो माणूस आवडला. हे सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. आठवडाभर ती मशीनवर गुणगुणत होती. एका गिऱ्हाइकाच्या पँटला तिनं तीन खिसे लावले, ते काढून परत दोन केले. अडतिसाव्या वर्षी असं काही होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांचा फोन आला. गावाबाहेरचं जुनं देऊळ बघायला जाऊ या का रविवारी? हजार-एक वर्षांचं आहे म्हणतात, शिल्पं फार सुंदर आहेत म्हणे, वहिनींनाही आणा. वहिनी एका पायावर तयार झाली. "हो हो, येतो की!" म्हणून तिनं फोन ठेवला, आणि मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"देऊळ म्हणजे," टाचणी म्हणाली, "चपला-बूट बाहेर."

"अगं बाई," वहिनी म्हणाली आणि खाली बसली.

दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. नाही म्हणावं तर स्थळ हातचं जायचं. हो म्हणावं तर दारातच भांडं फुटायचं. शेवटी टाचणीनं डोकं लढवलं. जाडजूड लोकरी मोज्यांची जोडी घेतली, उजव्या मोज्याला आतून अस्तराचा एक कप्पा शिवला आणि त्यात बुचाची पट्टी बसवली. घालून चालून दाखवलं. वहिनीनं खोलीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत डोळे बारीक करून पाहिलं आणि निकाल दिला, "फर्स्ट क्लास! कुणी विचारलं तर म्हण, पायांना गारठा सोसत नाही."

रविवारी बसमध्ये काटेवाले पुढच्या बाकावर उलटे वळून बसले आणि दोघींना कामातल्या गमती सांगत राहिले. "लोक मला बोलवतात आणि म्हणतात, काटा बिघडलाय. मी जातो, बघतो. दहातल्या सहा वेळा काटा ठणठणीत असतो. खालची जमीन वाकडी असते. पण तसं म्हटलं की दुकानदाराला राग येतो. जमीन त्याच्या आजोबांनी केलेली असते ना." सोबत म्हणून ते छोटी पाणसळही बाळगायचे, काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. ती त्यांनी खिडकीच्या पट्टीवर ठेवून दाखवली. बुडबुडा वळणावळणाला इकडून तिकडे पळत होता. टाचणीचा जीवही साधारण तेच करत होता.

देवळाच्या आवाराला दगडी भिंत होती आणि दाराशी चपलांचं कपाट घेऊन एक रखवालदार बसला होता. अशा माणसांना जगातला प्रत्येक नियम तोंडपाठ असतो, आणि बाकीचे ते जागेवर तयार करतात.

"मोजेपण काढा, बाई."

"पायांना गारठा सोसत नाही," टाचणी म्हणाली.

"गारठा? ऊन बघा केवढं पडलंय! दगड गुळगुळीत झालाय आतला. मागच्याच आठवड्यात एक मोजेवाले घसरले आणि थेट हत्तीच्या सोंडेला जाऊन धडकले. काढा, काढा."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते टाचणीला तेव्हा कळलं. वहिनीनं रखवालदाराकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर नोकरी सोडून गेला असता. पण दैव अगदीच निष्ठुर नव्हतं. काटेवाले वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडत होते, आणि डाव्या नाडीची गाठ बसली होती. टाचणीनं मोजे ओढून काढले आणि त्यांचं डोकं खाली आहे तोवर आवारातून जी सुटली ती देवळाच्या भिंतीशी जाऊनच थांबली. तीसेक पावलं असतील. ती तिनं कशी टाकली ते फक्त वहिनीनं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

भिंतीला हात टेकून टाचणी उभी राहिली, धापा टाकत. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती सरळ उभी आहे.

तिनं खाली पाहिलं. देवळाभोवती फिरायला दगडी फरशांच्या दोन ओळी होत्या. भिंतीलगतची ओळ बाहेरच्या ओळीपेक्षा बोटभर उंच होती. पावसाचं पाणी पायात मुरू नये म्हणून बांधणाऱ्यांनी तशी बसवली असणार. बाहेरच्या ओळीपलीकडे पाणी वाहून जायला उघडी पन्हळ होती, आणि पन्हळीपलीकडे मोकळं अंगण. टाचणीचा उजवा पाय आतल्या ओळीवर होता आणि डावा बाहेरच्या. तिनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग चार. अनवाणी, आणि खांदा खाली-वर न होता! आठ वर्षांची असल्यापासून ती बुटाशिवाय अशी चालली नव्हती. तिच्या पोटातून हसू फुटलं, ते तिनं कसंबसं दाबलं, आणि ती चालू लागली.

"अहो, थांबा!" काटेवाले नाडीतून सुटून धावत आले. पण दोन ओळींवर मिळून एकाच माणसाला जागा होती. म्हणून ते पन्हळीच्या पलीकडून, अंगणातून चालू लागले.

पहिल्या तीन फेऱ्यांत टाचणीनं देवळाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नुसती चालत होती. कोपऱ्यावर उजवीकडे वळायचं की फरशी तिच्याबरोबर वळायची. हळू चालून पाहिलं, भरभर चालून पाहिलं, हात मागं बांधून एखाद्या मंत्र्यासारखंही चालून पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळस डोक्यावर होता आणि बाई आनंदानं वळसे घालत होती.

चौथ्या फेरीला तिनं मान वर केली, आणि मग मात्र तिची शुद्ध हरपली.

देवळाचा चौथरा उंच होता. खाली हत्तींची रांग, त्यावर घोड्यांची, आणि त्यावर भिंतभर बायका. दगडातल्या बायका: कुणी आरशात बघतेय, कुणी वीणा वाजवतेय, कुणी तळव्यातला काटा काढून घेतेय. त्यांचे पाय बरोबर टाचणीच्या डोळ्यांच्या उंचीला येत होते. म्हणजे तिच्या दुकानात ठोकळ्यावर चढलेलं गिऱ्हाईक दिसतं, तसंच. हजार वर्षं या बायका माप द्यायला उभ्या होत्या आणि माप घेणारी आज आली होती.

"अगं बाई, हिच्या चुण्या बघा!" ती ओरडली. "एक, दोन, सात, अकरा! आणि प्रत्येक चुणी खाली येता येता रुंद होत गेलीय. दगडात! मला कापडात जमत नाही नीट!"

"कुठली?" काटेवाले पन्हळीपलीकडून मान उंच करत होते.

"ही हो, पोपटवाली! आणि ही बघा, हिला काही नेसवलेलंच नाही असं वाटतं ना? नाही. मांडीवर बारीक रेघ आहे बघा. तो काठ आहे. कापड इतकं तलम, की फक्त काठ दिसतो! काय कारागीर असेल मेला!"

ती पुढं पळाली. ढोल वाजवणारीचा कमरपट्टा नाचताना एका बाजूला उडाला होता. तो कुठं अडकवला असेल हे तिनं शोधून काढलं. एका द्वारपालाच्या धोतराचा काठ पुढून एका दिशेला आणि मागून उलट्या दिशेला जात होता. "चुकला, चुकला! इथं मुकादम जेवायला गेला असणार," म्हणून ती टाळ्या पिटून हसली. एक माकड एका बाईचा पदर ओढत होतं आणि ती बाई एका हातानं पदर धरून दुसऱ्या हातानं त्याला चापट दाखवत होती. ओढलेल्या कापडाला जिथं ताण बसतो, तिथंच दगडात सुरकुत्या होत्या, आणि जिथं सैल पडतं तिथं नव्हत्या. हे पाहून टाचणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. वीस वर्षं ती लोकांना सांगत होती की कापडाकडे बघा, कापड बोलतं. कुणी बघत नसे. आणि इथं एकानं हजार वर्षांपूर्वी बघून ठेवलं होतं.

"ते माकड मला नीट दिसलं नाही," काटेवाले म्हणाले. "चार पावलं मागं या ना, दाखवा."

मागं! म्हणजे उलटं. म्हणजे आखूड पाय खालच्या ओळीवर आणि लांब पाय वरच्या. सव्वाचे अडीच व्हायचे.

"देवळाला उलटं फिरत नाहीत," टाचणी गंभीरपणे म्हणाली. "पुन्हा फिरून येऊ." आणि त्या माकडासाठी तिनं पूर्ण देऊळ पुन्हा पालथं घातलं.

सहाव्या फेरीला वहिनी झाडाखाली जाऊन बसली. सातव्या फेरीला काटेवाले दोनदा पन्हळीत पाय घसरता घसरता वाचले. आठव्या फेरीला रखवालदार वहिनीजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "नवस फार मोठा दिसतोय बाईंचा." वहिनी म्हणाली, "माझाही एक आहे, तुमचं तोंड बंद व्हावं असा. बघू आधी कुणाचा फळतो."

नवव्या फेरीला टाचणी देवळाच्या मागच्या बाजूला, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्याशी एकदम थांबली. तिथं कुणी फारसं थांबत नसे. सावलीत एक टाळ वाजवणारी बाई उभी होती. साधीच. ना आरसा, ना पोपट. टाचणीची नजर सवयीनं घोट्यांवर गेली. तिनं पुढं होऊन नाक दगडाला लावलं. मग बोटानं चाचपून पाहिलं.

उजव्या बाजूला नेसूचा काठ एक घडी जास्त मुडपलेला होता.

डावीकडे नव्हता. फक्त उजवीकडे. आणि मुडपलेल्या कडेला बारीक बारीक आडव्या रेघा होत्या. टाके! हातशिलाई! टाचणीच्या अंगावर काटा आला. तिनं पोटरीवरून बोट फिरवलं. डावी पोटरी भरलेली, उजवी अंगठाभर बारीक. आणि उजव्या तळव्याखाली दगडाचा एक छोटा ठोकळा. भिंतीवरच्या बाकी सगळ्या बायकांचे पाय सपाट आणि कंबर वाकडी. हिची कंबर सरळ, आणि पायाखाली ठोकळा.

"अहो! इकडे या! लवकर!" तिचा आवाज चिरकला. "ही लंगडी आहे! हिचा उजवा पाय आखूड आहे!"

काटेवाले धावत आले. पन्हळीपलीकडून त्यांनी पाहिलं, मग तिरपं लावलेलं चित्र बघतात तसं दहा पावलं मागं जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं. "मला तर सारखेच वाटतात," ते म्हणाले. "थोडा फरक असेल तर दगड झिजला असेल. किंवा चुकला असेल कारागीर. तो मघाचा द्वारपाल चुकला होता तसा."

"चुकला?" टाचणी म्हणाली.

"म्हणजे, होतं कधी कधी. छिन्नी जरा जास्त चालली, मग खाली ठोकळा ठेवून जमवून घेतलं असेल."

आता हेच वाक्य दुसऱ्या कुठल्या मूर्तीबद्दल ते बोलले असते, तर ही गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली असती. पण टाचणीचं डोकं फिरलं. पोटरी बारीक, घडी मुडपलेली, टाके घातलेले, आणि हा माणूस म्हणतो जमवून घेतलं!

"तुम्हाला आखूड पाय म्हणजे काय ते माहीत तरी आहे का?" ती गरजली, आणि ताडकन पन्हळ ओलांडून अंगणात उतरली. "बघा! हे बघा! सपाट जागेवर असं होतं!" ती दहा पावलं ताड ताड चालली. खांदा खाली गेला, वर आला, खाली गेला, वर आला. "दिसलं? कंबर इकडून पडते. मग काठ इकडून घासतो. म्हणून आत मुडपायचा. मशीनवर नाही, हातानं, आडव्या टाक्यांनी!" ती वळली आणि तशीच परत आली. सलवारीची उजवी मोरी उलटी करून तिनं त्यांच्यापुढं धरली. "हे बघा टाके, आणि ते बघा टाके! आणि पोटरी ही अशी राहते! चूक कुणाची नाही झालेली. त्यानं कुणीतरी खरी बाई बघितलीय, नीट, खाली बसून बघितलीय, आणि या सगळ्या सुंदर बायकांच्या रांगेत तिला उभी केलीय, तिच्या ठोकळ्यासकट! लपवलं नाही काही!"

झाडाखाली वहिनीनं कपाळाला हात लावला.

ते पाहून टाचणी भानावर आली. एक पाय टाचेवर, एक चवड्यावर, हातात सलवारीची मोरी, आणि समोर तो माणूस. तिचे कान गरम झाले. आता हे "कळवतो" म्हणतील, तिला वाटलं. आणि सात वर्षांपूर्वी जेवढं वाईट वाटलं होतं त्याच्या शंभरपट वाटेल, कारण तेव्हाचा माणूस तिला आवडला नव्हता, आणि हा आवडला होता.

"किती?" काटेवाल्यांनी विचारलं.

"सव्वा इंच," ती म्हणाली. आवाज बसला होता, पण माप ते माप.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग देवळाकडे, मग त्या दोन ओळींकडे. मग ते पन्हळ ओलांडून गेले, गुडघ्यांवर बसले, खिशातून पाणसळ काढून आतल्या ओळीवर आडवी धरली आणि हात मागं करून म्हणाले, "टेप आहे का?"

टेप तिच्याकडे नसेल असा दिवसच उगवला नव्हता. तिनं दिली. त्यांनी पाणसळीच्या खाली बाहेरच्या ओळीपर्यंत टेप उभी धरली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत थांबले आणि वाचलं.

"सव्वा इंच. सूत इकडे नाही, सूत तिकडे नाही." ते तसेच बसून मोठ्यांदा हसायला लागले. "म्हणून नऊ फेऱ्या! आणि मी वेडा! मला वाटलं, मी पसंत नाही म्हणून तुम्ही पुढं पुढं पळताय. सहाव्या फेरीला तर मी ठरवलं होतं, आता बसमध्ये मुकाट्यानं बसायचं आणि घरी जायचं."

"पसंत नाही?" टाचणी म्हणाली. "तुम्ही टीपॉयखाली तिकीट घातलंत तेव्हापासून मी..." आणि तिथं तिची जीभ अडखळली. गेल्या तासाभरात पहिल्यांदाच.

"मग काही तक्रार नाही," काटेवाले उठत म्हणाले. "काटा ठणठणीत आहे. जमिनीचं बघावं लागेल."

त्यांनी मग टाळवालीला पुन्हा एकदा, या वेळी जवळून आणि खाली बसून पाहिलं. टाके मोजले. अठरा निघाले. टाचणी सपाट अंगणातून त्यांच्या शेजारी चालत दारापर्यंत आली, खांदा खाली-वर करत, आणि वाटेत त्या दोघांचं द्वारपालाच्या धोतरावरून कडाक्याचं भांडण झालं. वहिनी मागून येत होती आणि पदराआड रडत होती की हसत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. रखवालदारानं बूट काढून दिले आणि टाचणीला विचारलं, "झाला का बाई नवस पुरा?"

"झाला," ती म्हणाली, आणि मोजे त्यालाच देऊन टाकले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दोघांचं घर तळमजल्यावर आहे. पुढच्या खोलीत टाचणीचं मशीन, आरसा आणि ठोकळा, मागं स्वयंपाकघर. लग्नाआधी काटेवाल्यांनी घराची फरशी उखडून नवी करून घेतली तेव्हा गवंडी दोन दिवस त्यांच्याशी भांडत होता. कारण स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत, खोल्यांच्या मधोमध, फरशीची एक ओळ त्यांनी सव्वा इंच उंच बसवायला लावली. जाताना ओळीच्या एका बाजूनं जायचं, येताना दुसऱ्या बाजूनं. उजवा पाय कायम वर. काम झाल्यावर त्यांनी पाणसळ लावून पाहिली आणि तीन फरशा पुन्हा काढायला लावल्या.

पाहुणे आले की पहिल्याच पावलाला त्यांना ठेच लागते. मग ते एक पाय वर आणि एक पाय खाली टाकत, खांदे हेलकावत, भिंत धरत कसेबसे खुर्चीपर्यंत पोचतात. वहिनी दर वेळी त्या फरशीला शिव्या घालते, वकिलांचा तर एकदा अंगठा सुजला होता. त्या घरात येणारं प्रत्येक माणूस लंगडतं. तेवढ्यात आतून टाचणी दोन्ही हातांत भरलेले कप घेऊन, अनवाणी, थेंबही न सांडता सरळ चालत येते.